सही झाकलेलं एक मुखपृष्ठ: चित्रकार ओळखायला मदत कराल का?

पत्र्याची_ट्रंक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आजोळचं घर आवरायला घेतलं. माळ्यावर, पाण्याच्या बंबामागे, आजीची पत्र्याची ट्रंक निघाली. वर दोन नऊवारी, त्याखाली चुरा झालेला कडुनिंबाचा पाला आणि त्याखाली ३१ दिवाळी अंक. पाल्यामुळे असेल, कसर फारशी लागलेली नाही. 'किर्लोस्कर', 'दीपावली', 'आवाज', 'हंस', 'मोहिनी' ही नावं ओळखता आली. सहा-सात अंकांची सुरुवातीची पानंच गेली आहेत.

धागा त्यातल्या एका मुखपृष्ठासाठी आहे. वरची, अंकाच्या नावाची पट्टी फाटली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे सही असायची तिथे, कुणीतरी खाकी कागद खळीनं चिकटवला आहे. मधलं चित्र तेवढं शाबूत.

एक बाई खिडकीत बसून आकाशकंदील करते आहे. कामट्यांचा सांगाडा मांडीवर, शेजारी पतंगाचे कागद, कात्री आणि खळीची वाटी. एका हाताचं पहिलं बोट खळीनं भरलंय आणि ते तिनं बाकीच्या बोटांपासून लांब, हवेत धरलंय. साडीला लागू नये म्हणून. तेवढ्या एका बोटामुळे मी त्या चित्रापाशी अर्धा तास बसलो. मागची भिंत सपाट वांगी रंगाची, कुठेही छटा नाही. साडी हळदीच्या रंगाची. चेहऱ्याला वेगळा रंग दिलाय असं वाटत नाही, आणि हनुवटीखालची सावली चक्क हिरवी आहे. आधी वाटलं शाई उडाली असेल. पण मनगटाखालीही तोच हिरवा आहे.

आमच्या आजोळी भिंतीवर चित्रं म्हणून जी काही होती ती मुखपृष्ठंच होती. कापून, पुठ्ठ्यावर डकवून, खिळ्याला टांगलेली. चित्रप्रदर्शन म्हणजे काय हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण वर्षाला चार नवी चित्रं घरात येत होती. म्हणून हे चित्र कुणाचं ते कळावं, असं मनापासून वाटतंय. साल कोणतं असेल?

---

मांडवीकाठ

फार सुंदर वर्णन केलंत. अशा वेळी पहिली दोन नावं ठरलेली: दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६). दोघेही आमच्या गोव्याचे, दोघांचीही कारकीर्द मुंबईत घडली. दलालांनी १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' काढला, मुळगावकरांचे 'रत्नप्रभा', 'रत्नदीप'.

मला दोघांतला फरक प्रकाशात दिसतो. मुळगावकरांच्या चित्रात प्रकाश आतून येतो. गाल, खांदा, कमळाची पाकळी, सगळं गोलाईनं वळतं, छटा कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते कळत नाही. म्हणून तर त्यांच्या देवदेवतांची कॅलेंडरं लोकांनी देव्हाऱ्यात लावली. आणि याच हातानं बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही केली, हे मला कायम थक्क करतं.

दलालांकडे रेषा आधी येते. कुंचल्याची, मध्ये जाड होत जाणारी, टोकाला निमुळती. लघुचित्रं, लोककला, पाश्चात्त्य रंगप्रयोग, सगळं त्यांनी पचवलं होतं आणि सपाट रंगांची त्यांना भीती नव्हती. हिरवी सावली म्हटल्यावर मी तरी दलालांकडे झुकतो. पण बाह्यरेषा कशी आहे ते सांगा.

---

वेताळपंचविशी

आत चांदोबा आहेत का हो? असले तर कृपया आधी तेच दाखवा.

---

पत्र्याची_ट्रंक

@मांडवीकाठ, बाह्यरेषा काळी आणि सारख्या जाडीची आहे, टाकानं ओढल्यासारखी. केसांत मात्र कुंचला वापरलाय.

@वेताळपंचविशी, चार आहेत, मुखपृष्ठाविना.

---

शाईवाला

वडिलांनी सारी हयात छपाईचे ब्लॉक (चित्रांचे ठसे) करण्यात घालवली, म्हणून थोडं त्या बाजूनं लिहितो.

चित्रकार जे रंगवून द्यायचा ते शेवटचं चित्र नसायचं. शेवटचं चित्र छापखान्यात व्हायचं. रंगीत चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचेतून (फिल्टरमधून) फोटो काढायचे, तेही बारीक रेघांच्या जाळीतून, म्हणजे चित्राचे ठिपके पडतात. ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लात खायला घालायचे. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या, उंचीला आणायचा. हा झाला हाफटोन. मग प्रत्येक शाईसाठी तोच कागद पुन्हा यंत्रातून काढायचा: पिवळी, तांबडी, निळी, काळी. प्रत्येक वेळी शाई वाळू द्यायची. एखाद्या फेरीत कागद केसभर हलला की ओठ चेहऱ्याच्या बाहेर. वडील म्हणायचे, 'रंग सरकला'.

जाळीचेही प्रकार असत. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ रेघा पुरत, आर्ट पेपरला १२० किंवा १३३ घेत. साध्या कागदाला बारीक जाळी वापरली की ठिपके एकमेकांत मिसळून चिखल व्हायचा.

दुसरा प्रकार लाइन ब्लॉक. जस्ताचा, स्वस्त, ठिपके नाहीत. शाई एक तर आहे, नाही तर नाही.

आता तुमच्या हिरव्या सावलीबद्दल दोन शक्यता. एक, मूळ चित्रात तपकिरी सावली होती आणि तांबड्या ब्लॉकनं दगा दिला, म्हणून पिवळा अधिक निळा एवढंच उरलं. म्हणजे हिरवा हा अपघात. दुसरी शक्यता मला जास्त आवडेल, पण ती आत्ता सांगत नाही. भिंगाखाली बघा. हिरव्यात ठिपके आहेत का? भिंतीच्या वांग्यात? चेहऱ्यावर?

---

ठिपक्यांची_रांगोळी

मला या चित्रात एक वेगळंच दिसतंय. त्या काळातल्या मुखपृष्ठांवरच्या बायका बहुतेक वेळा काही करत नसतात. हातात निरांजन असतं, वेणीत फूल असतं, त्या बघत असतात किंवा त्यांना कुणी बघत असतं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. माझी आई त्या साड्यांचे काठ आणि दागिने बघून भरतकामाची नक्षी उतरवायची, ट्रेसिंग पेपर लावून. आमच्या उशीच्या अभ्र्यांवर निम्मं मराठी चित्रकलेचं जग होतं. तरीही त्या बायका काम करणाऱ्या नसत. तुमची ही बाई काम करते आहे आणि तिचं लक्ष पूर्णपणे कामात आहे. चित्रकार कुणीही असो, त्यानं खळ लावणारी बाई नीट पाहिलेली आहे.

---

मांडवीकाठ

@ठिपक्यांची_रांगोळी, बऱ्याच अंशी मान्य. दलालांच्या बाजूनं एवढंच म्हणेन की त्यांच्या नायिकांना मनःस्थिती असते, नुसतं रूप नसतं. पण काम नसतं हे खरं. हे मी आजवर असं पाहिलंच नव्हतं.

---

विनाशब्द

ट्रंकेत 'हंस' आणि 'मोहिनी' आहेत हे वाचून राहवलं नाही. अनंत अंतरकरांची ही मासिकं, तिसरं 'नवल'. शि. द. फडणीसांचं ते मुखपृष्ठ आठवतंय का, १९५२ सालचं? तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी, तरुणाच्या शर्टावर मांजरांची. खाली शब्द नाही. मराठी मासिकाच्या मुखपृष्ठावर, जिथे वर्षानुवर्षं सुंदर बाई असायची, तिथे हास्यचित्र येणं आणि तेही रंगीत, हा मोठा बदल होता.

त्यातली गंमत उलगडून बघा. साधारणपणे विनोदी चित्रात माणसं तोंडं वेडीवाकडी करतात. फडणीसांची माणसं अगदी सभ्य, शांत, नीटनेटकी. सगळा प्रकार कापडावर चाललेला असतो. म्हणजे नजर आधी माणसांवर जाते, काही सापडत नाही, मग कपड्यांवर घसरते आणि तिथे हसू फुटतं. हा जो मधला क्षण आहे, तो रंगांमुळे मिळतो. नक्षी आधी नुसती नक्षी म्हणून दिसायला हवी, म्हणून रंग गोड, सपाट. काळ्यापांढऱ्यात हे चित्र चाललं नसतं. पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांनी चित्रं काढली आणि आमच्यासारख्यांना गणिताचं पुस्तक आपणहून उघडावंसं वाटलं.

वसंत सरवट्यांची तऱ्हा निराळी. ते पेशानं इंजिनिअर होते आणि 'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं त्यांची असत. सरवट्यांच्या चित्रात कोपरे रिकामे नसतात. मुख्य विनोद मध्यभागी असेल, पण कडेला एखादा माणूस असा उभा असतो की त्याच्या पाठीवरून त्याचा स्वभाव कळावा. परदेशी व्यंगचित्रकारांची मराठी वाचकांना ओळख करून देणारं 'परकी चलन' त्यांनी लिहिलं. व्यंगचित्र 'वाचायचं' कसं हे मी त्या पुस्तकावरून शिकलो.

आणि 'आवाज'! मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला. त्यातली खिडकीचित्रं. पानाला चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो आणि मनात भलतंच येतं. पान उलटलं की तो तुकडा एखाद्या निरागस चित्राचा भाग निघतो. या चित्रांना वात्रट म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. कागदाला भोक पाडून, वाचकाच्या हाताच्या हालचालीला विनोदात सामील करून घेणं ही रचना आहे. दोन्ही चित्रं एकाच तुकड्याभोवती जुळवायची, आणि छापताना-कापताना खिडकी जराही सरकून चालत नाही. ही चित्रं काढणाऱ्या चंद्रशेखर पत्की यांचं नाव इथे घ्यायलाच हवं.

तुमच्या अंकांत खिडक्या शाबूत आहेत का? लोक त्या फाडत असत.

---

पत्र्याची_ट्रंक

@विनाशब्द, तीन खिडक्या शाबूत, एक आतून पोस्टाच्या तिकिटाच्या कडेनं शिवल्यासारखी डकवलेली. आजीनं दुरुस्त केली असणार. ती चित्रं आजीनं जपली, याचा मला फार आनंद झाला.

@शाईवाला, धाकट्या भावाचं घड्याळजीचं भिंग आणलं आणि रात्री दिव्याखाली बसलो. ठिपके कुठेच नाहीत. हिरवा भरीव. वांगी भरीव, पण त्याच्या कडेला एका जागी लाल रेघ डोकावते आणि विरुद्ध कडेला निळी. चेहऱ्यावर शाईच नाही. नाकाची, डोळ्यांची काळी रेघ आणि ओठांचा लाल, बस्स.

---

शाईवाला

मग दुसरी शक्यता खरी, आणि मला फार बरं वाटतंय.

तुमच्या चित्रकारानं हे चित्र रंगवलंच नाही. त्यानं प्रत्येक शाईसाठी वेगळं काळं चित्र काढून दिलं, चार जस्ताच्या लाइन ब्लॉकसाठी चार. पिवळा एकटा छापला की साडी. लाल एकटा छापला की ओठ. लालावर निळा चढवला की भिंत वांगी. तुम्हाला कडेला जी लाल-निळी रेघ दिसली ती रंग सरकल्याची खूण. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवी सावली. हिरव्यासाठी वेगळा ब्लॉक नाही, वेगळी फेरी नाही. तपकिरी सावलीला तिन्ही शाया लागल्या असत्या आणि एवढ्याशा जागेत तीन ब्लॉक जुळवणं अवघड. त्यानं दोनांत भागवलं, आणि हळदीच्या साडीशेजारी तो हिरवा असा बसला की तुम्ही अर्धा तास बघत राहिलात.

आणि चेहऱ्याचा रंग म्हणजे कोरा कागद. आज तो तुम्हाला गव्हाळ दिसत असेल, कारण कागद पिवळा पडलाय. छापला त्या दिवशी ती पांढरी फटक होती. तिच्या अंगावरचा रंग तिला नंतर आला.

हे डोक्यात चार शायांचा हिशोब मांडून, काळ्या रंगात चार वेळा चित्र काढणारे लोक होते. वडील अशा चित्रकारांबद्दल वेगळ्याच आदरानं बोलायचे.

---

निवृत्त_ग्रंथपाल

साल ठरवायला मदत करते. आतल्या जाहिराती बघा.

१. किमती 'आण्यां'त आहेत, 'नव्या पैशां'त की नुसत्या 'पैशां'त? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि 'नवे' हा शब्द जून १९६४ मध्ये गेला.
२. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा अंक. 'मुंबई ४', 'पुणे २' असं असेल तर बहुधा आधीचा.

आता एक गोष्ट सांगते, ती बरेच दिवस मनात आहे. मी जिथे नोकरी केली त्या वाचनालयात मासिकांचे वर्षाचे गठ्ठे बांधायला जात. बांधणीला देताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची असा नियम होता. गठ्ठा जाड होतो, पैसे जास्त पडतात. मी नवीन होते. ती पानं मी स्वतः काढली आहेत, अनेक वर्षं. रद्दीच्या पोत्यात रंगीत कागदांचा ढीग व्हायचा आणि शिपाई त्यातले देवांचे तेवढे बाजूला ठेवायचा, पायाखाली येऊ नयेत म्हणून. आज कुणी अभ्यासक येतो आणि विचारतो, अमुक अंकाचं मुखपृष्ठ कुणाचं होतं. गठ्ठ्यात कथा आहे, कविता आहे, चित्र नाही. जाहिरातीही नाहीत, म्हणजे वर मी ज्या खुणा सांगितल्या त्याही नाहीत.

म्हणून तुमच्या आजीची ट्रंक मला कुठल्याही वाचनालयाच्या गठ्ठ्यांपेक्षा मोलाची वाटते.

---

वेताळपंचविशी

ताई, वाचून गलबललो.

चांदोबाबद्दल दोन ओळी लिहितोच. तिथेही हेच झालं. आतली चित्रं लोकांना आठवतात: शंकर यांचा विक्रम राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, झाडाच्या फांद्या बोटांसारख्या. पण मुखपृष्ठं करणाऱ्या 'वपा'चं, म्हणजे वड्डादि पापय्यांचं नाव किती मराठी घरांना माहीत होतं? कोपऱ्यात तेवढी दोन अक्षरं, तीही तेलुगू लिपीत. आम्ही ती नक्षी समजायचो. मद्रासहून निघणाऱ्या मासिकाचं चित्र सांगली-सोलापूरच्या मुलांच्या डोळ्यांत कायमचं बसलं आणि काढणाऱ्याचं नाव आम्हाला वाचताही आलं नाही.

---

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. इथे आमच्या मंडळाच्या कपाटातही जुने दिवाळी अंक आहेत, लोकांनी बॅगेतून आणलेले. ते स्कॅन करताना शिकलो ते सांगतो.

कृपया लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप तर मुळीच नको. दहा वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, आडवं ठेवा. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). हाफटोनचं चित्र कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलं की ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून लाटा उमटतात. रंग 'सुधारू' नका, पिवळेपणासकट जपा.

आणि चित्रं सगळीकडे टाकण्याआधी हक्कांचाही विचार करा. भारतातल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. दलालांचा विचार केला तर २०३१ अखेरपर्यंत, मुळगावकरांचा २०३६ अखेरपर्यंत. अभ्यासासाठी चर्चा करणं वेगळं, टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. तसे प्रकार मी पाहिलेत आणि त्यात चित्रकाराचं नावसुद्धा नव्हतं.

'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत, मुखपृष्ठांसकट. असं सगळ्याच मासिकांचं व्हायला हवं.

---

पत्र्याची_ट्रंक

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर याच कामात होतो.

आतल्या एका तेलाच्या जाहिरातीत '७५ नवे पैसे' आहे, पत्ता 'गिरगाव, मुंबई ४'. म्हणजे १९५७ ते १९६४. आणखी मागे-पुढे सरकता येत नाही, कारण अनुक्रमणिकेचं पान नाही.

खाकी पट्टी ओली करून सोडवायचा मोह झाला होता, पण शाई सुटेल या भीतीनं नाही केलं. त्याऐवजी पान खिडकीच्या काचेला लावून मागून टॉर्च धरला. पट्टीखाली सही आहे. पहिली अक्षरं घडीवर गेली आहेत. शेवटची दोन स्वच्छ वाचता येतात: 'कर'. खाली एक लहान आडवी रेघ.

---

मांडवीकाठ

'कर' म्हणजे दलाल नाहीत, हे पक्कं. मुळगावकर म्हणावं तर ही टाकाची रेघ, हे सपाट रंग, त्यांच्या कामाशी जुळत नाही. आणि मराठीत 'कर' किती! माझा अंदाज चुकला, पण असा चुकला याचं वाईट वाटत नाही. आपण दोन मोठ्या नावांच्या पलीकडे जात नाही, आणि त्या वेळी महिनोन्महिने अंक निघत होते, ते दोन माणसांनी थोडेच सजवले?

---

निवृत्त_ग्रंथपाल

माझ्याकडे त्या वर्षांतल्या अंकांच्या नोंदवह्यांतली चित्रकारांची टिपणं आहेत, नोकरीच्या शेवटच्या काळात मी स्वतःहून उतरवलेली. '-कर' असलेली नावं काढते. वेळ लागेल.

---

पत्र्याची_ट्रंक

६०० डीपीआयचा स्कॅन चढवला आहे. मूळ आकारात उघडा.

---

ठिपक्यांची_रांगोळी

मोठा करून पाहिला. खळ लागलेलं बोट डाव्या हाताचं आहे! कात्रीही तिच्या डाव्या बाजूला, मुठी तिच्याकडे. बाई डावखुरी आहे की चित्र छापताना उलटं पडलंय? @शाईवाला, असं होतं का?

---

शाईवाला

व्हायचं. फिल्म उलटी लागली की डावं-उजवं बदलायचं. पण तसं असतं तर सहीसुद्धा उलटी छापली गेली असती, आणि चारही ब्लॉक एकदम उलटे लागणं कठीण. तरी खात्रीसाठी पदर बघा. कुठल्या खांद्यावर आहे?

---

ठिपक्यांची_रांगोळी

डाव्या. आणि सही सुलटी आहे.

---

शाईवाला

मग तिला डावखुरीच काढली आहे.